गायकवाडकाकांचं पावसाचं रजिस्टर

पाऊस व्हर्नियरने मोजणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

व्हर्नियर म्हणजे कारखान्यात पार्टची जाडी, भोकाची खोली अगदी बारीक हिशेबात मोजायचं स्टीलचं हत्यार. मोशीच्या आमच्या सोसायटीत राहायला येऊन मला आठवडाही झाला नव्हता. सकाळी टाकीत पाणी आहे का बघायला गच्चीवर गेलो, तर साठी ओलांडलेले एक गृहस्थ कठड्याजवळ उकिडवे बसलेले. खाली पायजमा, वर कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. समोरच्या सरळ काठाच्या स्टीलच्या डब्यात रात्रीचं पावसाचं पाणी साठलं होतं आणि हे त्यात व्हर्नियरची दांडी सोडून डोळे बारीक करून बघत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "अकरा पॉइंट चौतीस. लिहा."

मी खिसे चाचपले. पेन नव्हतं. त्यांनी स्वतःचं दिलं, पण देताना ज्या नजरेने पाहिलं ती मला अजून आठवते. स्टोअरमध्ये नोकरी करणारा माणूस पेनाशिवाय फिरतो, हे त्यांच्या हिशेबात रिजेक्शनचं कारण होतं. मी चाकणला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये आहे, हे त्यांना आधीच कळलेलं होतं.

हे गायकवाडकाका. फ्लॅट नंबर तीनशे दोन. एकटेच राहतात. सुनंदाकाकू आम्ही इथे यायच्या आधीच गेल्या. मुलगी लग्न होऊन नागपूरला असते, रविवारी तिचा फोन येतो. काकांनी बत्तीस वर्षं एका कंपनीत इनकमिंग इन्स्पेक्शन सांभाळलं. बाहेरून आलेला माल तपासायचा, बरोबर असेल तर आत घ्यायचा, नसेल तर त्याच गाडीने परत पाठवायचा. ते रिटायर झाले तेव्हा म्हणे माल पुरवणाऱ्या व्हेंडर लोकांनीच सगळ्यात मोठा हार आणला होता. काका त्याला प्रेम समजतात. मला वेगळी शंका आहे.

रिटायर झाल्यावर आत घ्यायला माल उरला नाही, तेव्हा त्यांनी हवामानाचे अंदाज तपासायला घेतले. फोनमध्ये चार ॲप आणि पाचवी सरकारी वेबसाइट. काकांच्या भाषेत पाच व्हेंडर. रोज सकाळी सात आणि संध्याकाळी सातला पाचही जण मोशीबद्दल काय म्हणतात ते एका लांबड्या रजिस्टरात लिहायचं, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष काय झालं ते डब्यावरून पडताळायचं. खरं निघालं तर हिरवी खूण, खोटं निघालं तर लाल. शिवाय एक शेरा, 'पास विथ रिमार्क', म्हणजे माल घेतला पण मनातून उतरला. हा शेरा ते सगळ्यांना वापरतात. माझ्या बायकोने, मनीषाने, एकदा पोहे पाठवले तर डबा परत करताना म्हणाले, पास विथ रिमार्क, मीठ वरच्या लिमिटला आहे. मनीषा आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. नंतर तिनेच मला गुपचूप सांगितलं, मीठ खरंच जास्त झालं होतं.

ॲपची खरी नावं ते घेत नाहीत. व्हेंडरचं नाव रिपोर्टच्या आधी फोडायचं नसतं, हा जुन्या शिस्तीचा भाग. एक नंबर फोनबरोबरच आलेलं, त्याला ते घरजावई म्हणतात. आपण बोलावलं नाही, काढता येत नाही आणि रोज नुसतं ऊन दाखवत बसतं. दोन नंबर भडक. ढगाचा तुकडा दिसला की विजेचं चित्र. काकांचं म्हणणं, हा माणसाला घाबरवून ठेवतो म्हणजे माणूस दर तासाला उघडून बघतो, त्याचा धंदाच तो आहे. तीन नंबरबद्दल काका बरं-वाईट काहीच बोलत नाहीत. चार नंबर परदेशी, दिसायला देखणा, पण मोशी म्हटलं की तो विमानतळाचं सांगतो. सरकारी साइटचा मात्र त्यांना आदर आहे. ती अख्ख्या जिल्ह्याचं सांगते, आपण तिला गल्लीचं विचारतो, यात चूक आपली, असं ते म्हणतात. मोठ्या पावसाचा इशारा मात्र तिचाच मानायचा, तिथे दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही.

टक्क्यांचा अर्थही त्यांनीच मला समजावला. मला वाटायचं चाळीस टक्के पाऊस म्हणजे जरा कमी पाऊस. काका म्हणाले, असे शंभर दिवस आले तर चाळीस दिवस पडणार. आजचा दिवस त्या चाळिसातला की साठातला, ते तो सांगत नाही, आणि जो छातीठोकपणे सांगतो त्याचा माल गेटवरच थांबवायचा.

आता एवढा अभ्यास असल्यावर बिल्डिंगमधल्या कुणालाही वाटणारच, की काका, एका चांगल्या ॲपचं नाव सांगा, आम्ही तेच टाकतो. मीही विचारलं होतं. उत्तर ठरलेलं होतं, "रिपोर्ट अजून रिलीज झालेला नाही." मग लोक नाव सोडून आजचंच विचारायचे. कपडे वाळत घालू का, मुलाची मॅच होईल का, रहाटणीला बहिणीकडे जायचंय तर रेनकोट घेऊ का. काका सगळ्यांना वेळ, दिशा आणि जबाबदारीची हद्द सांगून उत्तर देत.

गेल्या मे महिन्यात मात्र प्रकरण कपड्यांच्या पुढे गेलं.

सगळ्यात वरच्या मजल्यावर अन्वरभाई शेख राहतात. मोशीतच त्यांचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. त्यांच्या अम्मींची खोली बरोबर गच्चीच्या भेगांखाली. आदल्या पावसाळ्यात अम्मींच्या पलंगाशेजारी घमेलं ठेवावं लागलं होतं आणि त्या ओलीने त्यांना महिनाभर खोकला होता. सोसायटीचा सेक्रेटरी मी. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम द्यायचं ठरलं. कंत्राटदार म्हणाला, चार दिवस कोरडे द्या, लेप ओला असताना पाणी पडलं तर सगळं काम उखडून परत करावं लागेल. आणि नेमके वळवाचे दिवस. दुपारी आभाळ भरायचं, कधी पडायचं, कधी नुसताच वारा.

मीटिंगला प्रत्येकाने आपापला फोन पुढे केला. आमच्या खजिनदार पाटील मॅडम हिंजवडीला कंपनीत मॅनेजर आहेत, त्यांच्या फोनवर सातही दिवस वीज चमकत होती. काका माझ्या कानात म्हणाले, दोन नंबर. माझ्या फोनवर सातही दिवस ऊन. काका म्हणाले, घरजावई. मॅडमचं मत पडलं की काम दिवाळीनंतर करू. त्यावर अन्वरभाई शांतपणे म्हणाले, "मॅडम, दिवाळीपर्यंत अम्मीने छत्री घेऊन झोपायचं का?"

मग सगळ्यांनी काकांकडे पाहिलं.

काकांनी एक दिवस मागितला. दुसऱ्या संध्याकाळी रजिस्टर काखेत घेऊन माझ्याकडे आले. गुरुवारी सकाळी आठला सुरू करा, रविवारी दुपारी तीनला गच्ची रिकामी पाहिजे, तीननंतरची जबाबदारी माझी नाही, असं म्हणाले आणि एका कागदावर तेच लिहून खाली सही करून दिली. चुकलं तर बिल्डिंग त्यांना आयुष्यभर बोलणार होती. तरी सहीखाली त्यांनी तारीख आणि वेळही घातली.

गुरुवार, शुक्रवार कोरडे गेले. शनिवारी दुपारी मी कंपनीत होतो आणि चाकणला पाऊस कोसळायला लागला. शेडच्या पत्र्यावर असा आवाज की फोनवरचं ऐकू येईना. काकांना फोन लावला, ते गच्चीवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून होते. मी ओरडूनच सांगितलं की इथे धो धो चालू आहे. ते म्हणाले, "चाकणला पडू द्या. चाकण माझ्या रजिस्टरमध्ये नाही."

मोशीत त्या दिवशी एक थेंब पडला नाही.

रविवारी मात्र आभाळाने काकांची सही वाचलेली नव्हती. दीड वाजताच पूर्वेकडून काळं वर आलं. टाकीजवळचा कोपरा सोडून बाकी लेप वाळला होता, तो कोपरा अजून हाताला चिकटत होता. मी ताडपत्री शोधायला खाली पळालो. ताडपत्री घेऊन वर आलो, तर काका आणि अन्वरभाई जाहिरातीचा एक जुना फ्लेक्स चारी हातांनी कोपऱ्यावर ताणून उभे. पाऊस दोघांच्या डोक्यावरून गळत होता. काकांच्या इस्त्रीच्या शर्टाची पार रया गेली होती. आम्ही ताडपत्री ओढून विटा ठेवल्या. पाऊस वीस मिनिटांत थांबला. कोपऱ्याला काही झालं नव्हतं.

मी अभिनंदन करायला गेलो तर काका ओठ आवळून उभे. म्हणाले, "दीड तासाचं डेव्हिएशन. माझं. मिनिट्समध्ये लिहा." आणि मला ते खरंच मीटिंगच्या वहीत लिहावं लागलं.

त्या पावसाळ्यात अम्मींच्या खोलीत घमेलं लागलं नाही. पहिल्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी अम्मींनी काकांना खीर पाठवली. काकांनी वाटी परत करताना फक्त 'पास' म्हटलं. रिमार्क नव्हता.

पावसाळा सरता सरता काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. अन्वरभाईंनी गॅरेज बंद ठेवून त्यांना दवाखान्यात नेलं, आणलं. डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्याला आधीच कमी दिसतं, वाचायची सक्त मनाई. पहिल्याच संध्याकाळी पावणेसातला त्यांचा मला फोन आला. आवाजात जरा संकोच होता. म्हणाले, रिडिंग चुकायला नको, येता का?

मी गेलो. काका खुर्चीत ताठ बसले होते. मी एकेक ॲप उघडून वाचत होतो, ते मान हलवत होते. रजिस्टरात लिहायला आजचं पान सापडेना म्हणून मी सुरुवातीपासून पानं उलटायला लागलो.

अगदी पहिल्या पानांवर काकांच्या टोकदार अक्षराशेजारी, रिमार्कच्या रकान्यात, दुसरंच एक अक्षर होतं. गोल, मोठं, ओळीच्या बाहेर जाणारं. 'दोन नंबर खोटारडा. चादरी भिजल्या.' खाली दुसऱ्या दिवशी, 'आज तीन नंबरने लाज राखली. कुरडया कडक वाळल्या.' एके ठिकाणी, 'सगळे चुकले. माझा गुडघा बरोबर निघाला.' त्यापुढे काकांनी लाल पेनने लिहिलं होतं, 'गुडघा हा मंजूर व्हेंडर नाही.' आणि त्याखाली पुन्हा त्या गोल अक्षरात, 'बघू.'

असं दीडेक वर्ष चाललं होतं. मग एका पानापासून रिमार्कचा रकाना कोरा होता.

पानांचा आवाज थांबल्याचं काकांना कळलं असणार. ते म्हणाले, "तिनेच लावलं होतं हे कामाला. मी रिटायर झालो, दिवसभर तिच्या मागे मागे. डबे मोज, गॅसचा फ्लेम तपास. वैतागली. म्हणाली, मला एक ॲप ठरवून द्या, वाळवण कधी घालायचं ते सांगणारं, आणि तोवर स्वयंपाकघरात येऊ नका."

रजिस्टरच्या शेवटी एक कागद टाचलेला होता. अंतिम अहवाल. व्यवस्थित टाइप केलेला. वर तारीख, आम्ही या सोसायटीत राहायला यायच्या आधीची. निवडलेल्या ॲपचं नाव, कारणं, सगळं होतं. खाली दोन चौकटी. 'तपासले' या चौकटीत काकांची सही. 'मंजूर' ही चौकट रिकामी.

मी म्हणालो, "काका, हा तर पूर्ण झालाय."

"मंजुरी राहिलीय," ते म्हणाले. मग डोळ्यावरची पट्टी चाचपत म्हणाले, "मी पूर्ण केला तेव्हा तिला जाऊन पंधरा दिवस झाले होते."

शेजारी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मी कागद होता तसा झाकला. माझ्या खिशात पेन होतं, क्षणभर वाटलंही, की त्या चौकटीत कुणीतरी सही करून त्यांना मोकळं करावं. पण मोकळं होऊन ते काय करणार होते, ते मला सुचेना.

"पाचवा काय म्हणतो?" काकांनी विचारलं.

मी सरकारी साइट उघडून वाचलं. उद्या दुपारनंतर अंशतः ढगाळ. त्यांनी मला तसंच लिहायला सांगितलं, आणि अक्षर सरळ काढा म्हणाले.

घरी आलो तर मनीषाने सांडग्यांची डाळ भिजत घालायला काढली होती. काका बरे आहेत का विचारलं आणि म्हणाली, आता एवढी रोजची ऊठबस आहे, तर नाव काढून घ्या ना त्यांच्याकडून एकदाचं, कुठलं ॲप चांगलं ते.

मी म्हटलं, "उद्या दुपारपर्यंत ऊन आहे, सांडगे घाल. रिपोर्टचं अजून काम चालू आहे."