पंगतीतली मोकळी जागा

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका होतील, अक्षरही किरटं आहे, त्याबद्दल आधीच माफ करा. पण आमच्या व्याह्यांबद्दल कुणीतरी लिहून ठेवायला हवं, आणि घरातले बाकीचे सगळे कामाला जातात.

आमचे व्याही रोज सकाळी चहा झाला की मागच्या अंगणात जाऊन कावळ्याचा आवाज काढतात. आधी नुसत्या घशातून काढायचे. आता त्यांच्याकडे त्यासाठी लाकडी पिपाणी आहे. बोटभर लांबीची, काळ्या दोऱ्यात ओवलेली. ती कायम गळ्यात असते, जेवतानासुद्धा. चष्म्याचीही दोरी गळ्यातच असते, त्यामुळे पेपर हातात घेऊन पिपाणी डोळ्यांकडे नेताना मी त्यांना दोनदा पाहिलं आहे.

माझा मुलगा मंदार इथे परदेशात, शॅननला नोकरी करतो, सून ऋता एनिसच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे, आणि हे ऋताचे वडील. श्रीधर देवस्थळी. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो. सगळा जन्म पुण्यात टेलिफोन खात्यात गेला. लोकांच्या लाइनीवरची खरखर ऐकून ऐकून त्यांचा असा समज झाला आहे की जगातला कुठलाही आवाज आपल्याला कळतो.

"विहीणबाई, तुमच्या मिक्सरचं बेअरिंग गेलंय," आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सांगितलं. मंदारनं नवा मिक्सर आणला. तोही तसाच ओरडतो. भाऊ म्हणाले, "याचंही गेलंय."

मी त्यांच्याशी थेट फारशी बोलत नाही. ते समोर बसलेले असले तरी मी म्हणते, "ऋता, भाऊंना विचार, चहा हवा का." ऋता म्हणते, "आई, ते ऐकतायत." भाऊ म्हणतात, "ऋता, विहीणबाईंना सांग, अर्धा कप." असं आमचं चालतं.

कावळ्याचं हे वेड का लागलं ते आधी सांगते, म्हणजे तुम्हाला ते येडचाप वाटणार नाहीत. निदान उगाच वाटणार नाहीत.

गेल्या वर्षी ऋताची आई, नलूताई, पुण्यात वारल्या. दहाव्याला आम्ही सगळे घाटावर होतो. पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. झाड कावळ्यांनी भरलेलं होतं. शेजारच्या पिंडांवर ते झुंबड करत होते, आमच्याकडे ढुंकून बघत नव्हते. नातेवाईक एकेक करून पुढे येऊन सांगत होते. ऋतानं सांगितलं, बाबांना मी सांभाळीन. भाऊंनी सांगितलं, घर विकणार नाही, तुझ्या कुंड्यांना पाणी घालीन, तुझ्या बहिणीशी भांडणार नाही. ऊन डोक्यावर आलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा वळला आणि पिंडाला लावला. शास्त्रात चालतं म्हणे.

घरी येताना रिक्षात भाऊ म्हणाले, "नलूनं माझ्याशी अबोला धरलाय."

त्यानंतर ऋतानं त्यांना इकडे आणलं. वर्षश्राद्ध इथेच करायचं ठरलं, आणि भाऊंनी मनाशी घेतलं की या खेपेला गवताचा कावळा चालणार नाही. खराच आला पाहिजे.

आमच्या अंगणाला लागून दगडी गडगा आहे आणि त्यापलीकडे शेमसचं कुरण. शेमस सत्तरीचा शेतकरी. मेंढ्या पाळतो. भाऊ आल्यापासून रोज गडग्यावर भात ठेवून, हात पसरून ओरडायचे आणि कुरणातले कावळे भराभरा उडून दूर जायचे. आठवडाभर शेमसनं हे पलीकडून पाहिलं. मग एक दिवस जवळ येऊन त्यानं काहीतरी सांगितलं. ऋतानं आम्हाला मराठीत सांगितलं ते असं: "तुझा आवाज चांगला आहे. पण शेपटी कुत्र्याच्या तोंडात सापडल्यावर कावळा ओरडतो, तो हा आवाज. ते तुला सोडवायला येण्याइतके भले नाहीत."

शेमस कावळ्यांची शिकार करतो. कावळे त्याच्या चाऱ्याच्या गठ्ठ्यांचं प्लास्टिक फोडतात, नुकत्या जन्मलेल्या कोकरांना टोचतात. त्याला वाटलं, हा भारतातला म्हातारा हौशी शिकारी आहे, नवशिका आहे, शिकवावं. भाऊंना इंग्रजीत पिंड समजावून सांगता येईना, म्हणून ते म्हणाले, "येस, बिगिनर." तिथून त्यांची शिकवणी सुरू झाली.

आधी पिपाणी. शेमसनं तीन आणल्या. प्लास्टिकची स्वस्त होती, पण भाऊंनी एकदा फुंकून खाली ठेवली. "लाइन खराब आहे." दुसरी फार चिरकी. तिसरी लाकडाची, जाड आवाजाची. ती गालातून फुंकायची नाही, पोटातून फुंकायची आणि फुंकताना घशात गुरगुरायचं. भाऊंनी पहिल्यांदा गुरगुरून फुंकली तेव्हा माझ्या हातून पोळी खाली पडली. बोलवायचा आवाज निराळा, भांडणाचा निराळा, खायला सापडलं असं सांगायचा आणखी निराळा. फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज का नको, असं मंदारनं विचारलं. शेमस म्हणाला, मशीन लावून बोलवायला इथे बंदी आहे. भाऊंना हे फार आवडलं. "बघा विहीणबाई, इथे कावळ्यालासुद्धा प्रत्यक्ष बोलवावं लागतं. निरोप चालत नाही."

मग खोटे कावळे आले. खऱ्यांना भुलवायला दुकानातून डझनभर प्लास्टिकचे. शेमसनं ते उन्हात धरले आणि मान हलवली. चकाकतात. कावळा चकाकत्या कावळ्याजवळ येत नाही. मग त्यानं भाऊंच्या टकलाकडे पाहिलं आणि आपली टोपी काढून त्यांना दिली. आजवर ती परत मागितलेली नाही.

चकाकी घालवायची कशी? भाऊ दोन दिवस माझ्या शिवणाच्या मशीनभोवती घुटमळत होते. तिसऱ्या दिवशी मशीनवर एक कावळा ठेवलेला सापडला, शेजारी मंदारचा जुना काळा लोकरी कोट. मी कावळ्याचं माप घेतलं. ब्लाउज शिवण्यापेक्षा सोपं गेलं, एक तर बाह्या नाहीत, आणि गिऱ्हाईक हलत नाही. बाराच्या बारा कावळ्यांना मी लोकरीची जाकिटं शिवली. इथल्या काही कावळ्यांचं अंग करडं असतं, नुसतं डोकं आणि पंख काळे. म्हणून चौघांना राखाडी पोटं लावली. भाऊंनी ते निरखून पाहिले आणि ऋताला म्हणाले, "विहीणबाईंना सांग, फिटिंग उत्तम आहे."

शेमसनं एक हातात घेऊन उलटासुलटा केला आणि मला म्हणाला, "ग्रँड, मिसेस. ग्रँड." मी आत पळाले.

ते ठेवायचे कुठे, हा प्रश्न होता. गरम पाण्याच्या टाकीचं कपाट असतं, त्याला इथे हॉट प्रेस म्हणतात, टॉवेल तिथे ठेवतात. रात्रपाळीहून आलेल्या ऋतानं टॉवेल काढायला ते उघडलं आणि बारा कावळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिची किंकाळी ऐकून भाऊ जिन्यावरून म्हणाले, "हा धोक्याचा आवाज. फार छान काढलास."

मांडणीचं भाऊंना पटकन समजलं, कारण ती पंगतीसारखी असते. वारा ज्या बाजूनं येईल तिकडे सगळ्यांची तोंडं. फार खेटून बसवायचे नाहीत. एक उंच खुंटावर, पाहऱ्याला. आणि मुख्य म्हणजे मध्ये जागा मोकळी सोडायची. नवशिके सगळं कुरण भरून टाकतात. "मग आलेला पाहुणा बसेल कुठे?" भाऊ मला समजावत, आणि पोळपाटावरच्या लाट्या हलवून दाखवत. माझ्या पोळ्या राहायच्या.

शेवटी प्रत्यक्ष शिकार. शेमसनं कुंपणाशी जाळीचा आडोसा केला. दोघं आत बसले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. भाऊंनी पिपाणी फुंकली. थोडं थांबले. पुन्हा फुंकली. आणि खरोखर तीन कावळे आभाळात वळले, घिरट्या घालत खाली आले. शेमसनं बंदूक उचलली. त्याच क्षणी भाऊंना खोकल्याची उबळ आली. ट्रॅक्टर सुरू व्हावा तसा खोकला. कावळे गेले.

"थंडी बाधली," शेमस म्हणाला.

पुढच्या वेळी कावळे आले, बंदूक वर झाली, खोकला आला. तिसऱ्या वेळी शेमस खोकल्याचं औषध घेऊन आला. भाऊंनी त्याच्यासमोर दोन चमचे घेतलं, गोड आहे म्हणाले. कावळे आले. बंदूक वर झाली. भाऊंना शिंक आली.

त्या दिवशी शेमस बंदूक मधोमध उघडून हातावर टाकून सरळ आमच्या स्वयंपाकघरात आला. मागून भाऊ, खाली मान घालून. ऋता घरात होती. शेमस तिला म्हणाला, "डॉक्टर, तुझा बाप या मुलखातला कुठलाही कावळा बोलवू शकतो. आणि मग स्वतःच हाकलतो. याचा अर्थ काय?"

ऋतानं त्याला सगळं सांगितलं. त्यांचं बोलणं तिनं मला मागाहून सांगितलं. तेव्हा इंग्रजी मला कळलं नाही, पण बोटांनी ती गवताचा कावळा वळून दाखवत होती, तेवढं कळलं. मग शेमसनं विचारलं, "कुठला कावळा लागतो? काळा की करडा?"

"कुठलाही," भाऊ म्हणाले.

"मॅगपाय चालेल?"

तो कावळ्याच्याच जातीतला काळापांढरा पक्षी. भाऊंनी विचार केला. "तो नको. फार कटकट्या आहे. नलूला झेपणार नाही."

शेमस उठला. तिथीला आठ दिवस होते. तो म्हणाला, तोपर्यंत कुरणात गोळी झाडणार नाही, म्हणजे कावळ्यांची भीती मोडेल. कोकरांजवळ तो स्वतः काठी घेऊन फिरेल. आणि तो फिरला. पावसातसुद्धा.

श्राद्धाच्या दिवशी मी खीर केली, वडे केले, आमटी, भाजी, चटण्या, सगळं पान केलं. पुण्याचे गुरुजी टॅबलेटवर होते. शेमस काळा कोट आणि टाय घालून आला, बूट पुसलेले, हात पाठीमागे. भाऊ त्याची टोपी घालून होते, आणि त्यानं आज दुसरीही घातली नव्हती, म्हणून त्याचं डोकं प्रथमच नीट दिसलं. तेही भाऊंसारखंच.

गडग्यापलीकडे गवतात आमची पंगत मांडली. बाराही जण जाकिटं घालून वाऱ्याकडे तोंड करून बसले, आणि मधल्या मोकळ्या जागेत पान ठेवलं. आम्ही गडग्याच्या अलीकडे बाकावर बसलो. भाऊंनी पिपाणी फुंकली. इतकी सुरेख त्यांनी कधीच फुंकली नव्हती.

दोन करडे कावळे आले. अॅशच्या झाडावर बसले. आणि बसूनच राहिले.

भाऊंनी बोलवायचा आवाज काढला, खाण्याचा काढला. कावळ्यांनी मान वाकडी करून सगळं ऐकून घेतलं. ऋतानं हात जोडून पुन्हा सांगितलं, आई, बाबांची काळजी करू नकोस. मंदारनंही सांगितलं. खीर गार झाली. टॅबलेटवरून गुरुजी म्हणाले, "देवस्थळी, दर्भ आहे ना जवळ?"

"गुरुजी, थांबा," भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता.

मग शेमसनं, कावळ्यांवरची नजर न काढता, हळूच विचारलं, "ती जेवायला कशी बसायची?"

वर्षभरात भाऊंना लोकांनी पुष्कळ विचारलं होतं. काय झालं होतं, किती दिवस आजारी होत्या, पेन्शनचं काय. हे कुणी विचारलं नव्हतं. भाऊ इंग्रजीत सुरू झाले आणि कधी मराठीत आले ते त्यांनाही कळलं नाही.

"बसायचीच नाही. आम्हाला सगळ्यांना वाढायची आणि मग ओट्याशी उभी राहून, ताटली हातात धरून, चार घासांत आटपायची. एक डोळा गॅसवर. एकदा उभ्या उभ्या ठसका लागला, तर ठसक्यातसुद्धा मला विचारते, तुम्हाला ताक देऊ का?" ते हसायला लागले. ऋताही हसली, डोळे पुसत. "मी दिलं नाही हो पाणी. मी म्हटलं, दे ताक."

हसता हसता ते थांबले. पिपाणी मांडीवर पडली होती. "बस म्हणून एकदाही सांगितलं नाही. मला वाटायचं, तिला तसंच आवडतं."

शेमसला मराठी येत नाही. त्यानं मान हलवली.

तेवढ्यात पंखांची फडफड झाली. करडा कावळा पंगतीच्या टोकाला उतरला. माझ्या जाकिटवाल्यांच्या मधून चालत चालत मोकळ्या जागेत आला. पानाशी उभा राहिला, इकडे तिकडे बघितलं आणि घाईघाईनं वड्याचा तुकडा तोडला. गिळला. पुन्हा बघितलं. पुन्हा तोडला.

ऋतानं माझा हात घट्ट धरला. भाऊ उठले नाहीत. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले,

"सावकाश, नलू. बस जरा. आमचं सगळ्यांचं झालंय."

आमच्यापैकी कुणीच अजून जेवलेलं नव्हतं.