आंबापोळीचं गाऱ्हाणं

कमळा गेली माघात. पण बायको गेली हे बाळा शिवलकरांना कळलं चैत्र संपता संपता, हापूसच्या पहिल्या पाट्या ओटीवर येऊन पडल्या तेव्हा. घरभर वास सुटला. बाळाभाऊ सवयीनं काठी घेऊन अंगणातल्या खळ्यात जाऊन बसले आणि ताटं येण्याची वाट बघू लागले. ऊन चढलं, उतरलं. ताटं आली नाहीत.

शिवलकरांची आंबापोळी पार मुंबईपर्यंत जायची. धंद्यात माणसं दोनच. कमळा रस काढणार, आटवणार, ताटांत ओतणार. आणि बाळाभाऊ कावळे हाकणार. तेही अर्धा वेळ. उरलेला वेळ ते काठीवर हनुवटी टेकून झोपायचे आणि ताटांतली पोळी सोनेरी होताना स्वप्नात बघायचे.

आता त्यांनी स्वतःच पोळी घालून बघितली. ती अशी झाली की तिचा तुकडा डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला आणि टेबल कायमचं गप्प झालं! आंबे मात्र गप्प बसेनात. रोज पिकत होते. हा हंगाम हुकला की गिऱ्हाइकं दुसरीकडे वळणार, आणि डब्यावरचं कमळाचं नाव जाणार. तेवढं बाळाभाऊंना नको होतं.

"माणूस ठेवतो!" त्यांनी शेजारच्या बाबल्यादादांना ठणकावून सांगितलं. "त्यात काय एवढं? रविवारी माणूस कामाला उभं!"

"आधी देवाला सांग," बाबल्यादादा म्हणाले. ते वाडीचे मानकरी. विहीर खणायची असो की रिक्षा घ्यायची असो, वाडीत आधी देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, आणि ते बाबल्यादादांनीच.

शनिवारी संध्याकाळी वाडी जमली. मांडवीच्या किनाऱ्याकडून खारा वारा येत होता. बाळाभाऊंनी डोळे मिटले, आणि त्यांना आपलं खळं दिसलं. ओळीनं मांडलेली ताटं, त्यांच्यावर पसरलेलं कमळाचं जुनं पातळ, आणि पातळातून हळूहळू झिरपणारं ऊन.

"बा देवा म्हाराजा! ह्या बाळाला मदतीला एक माणूस मिळू दे!" बाबल्यादादांनी आवाज लावला.

"होय म्हाराजा!" वाडी ओरडली.

बाबल्यादादांना चेव आला. "ह्याचं घर सुनं झालंय! हातानं भात करून खातोय, तोपण करपलेला! घराला बाईमाणूस मिळू दे! ह्याचा संसार पुन्हा उभा राहू दे!"

"होय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठ्यांदा ओरडले ते बाळाभाऊ. डोळे मिटलेलेच!

रविवारी सकाळी दारात वरच्या वाडीतला विनीत हजर. सोबत त्याची थोरली बहीण हौसा, नव्या साडीत. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. बाळाभाऊ खूश! देवानं एका दिवसात माणूस धाडलं! त्यांनी चहा केला आणि मुलाखतीला सुरुवात केली.

"हात बघू."

हौसानं हात पुढे केले.

"बरे आहेत. ऊन सोसतं?"

"सोसतं," हौसा जमिनीकडे बघत म्हणाली.

"दुपारची झोप?"

"नाय लागत."

"उत्तम! ते खातं माझ्याकडे आहे. मला पसंत!"

विनीतनं सुटकेचा निःश्वास टाकला. "मग तारीख कधीची धरायची?"

"तारीख कशाला? आजपासूनच!"

"आजच? अहो, चार माणसं नकोत?"

"चार कशाला? एक पुरे. सकाळी यायचं, सहाला घरी जायचं."

"कुठल्या घरी?"

"तुमच्या!"

विनीतनं कप खाली ठेवला.

"आणि पाऊस लागला की बंद," बाळाभाऊ रंगात आले. "मग एकदम पुढच्या चैत्रात."

"म्हणजे पावसाळाभर माहेरी? दर वर्षी?"

"आणि आधी आठवडाभर बघू. नाय जमलं तर दुसरी बघीन!"

विनीत ताडकन उठला. "ओ बाळाभाऊ! वय काय, बोलताय काय! काल देवासमोर संसार मागितलात ना? सगळ्यांत मोठा आवाज तुमचाच होता!"

"मी? संसार? अरे, मला पोळीला माणूस हवंय!"

मग हौसा अशी हसत सुटली की माडावरचे कावळे उडाले. "सुटले गो बाय! काल सांजेपासून घास उतरत नव्हता, आता ह्यांच्याशी लगीन करायला लागतंय म्हणून! काम हाय ना? मग आधी नाय का सांगायचं!" तिनं नव्या साडीचा पदर खोचला. "पातेली कुठं हायत?"

दुपारी खळ्यात ताटं आली. ओळ जरा वाकडी होती. पण ताटं होती. बाळाभाऊंनी काठीवर हनुवटी टेकली. रसाचा वास उन्हात मिसळत गेला, डोळे जड झाले, आणि ओटीवरून कमळा म्हणाली, "अहो, कावळा बघा!"

डोळे उघडले तर समोर बाबल्यादादा.

"काय ऐकतोय मी? लगीन नाय?"

"नाय हो दादा. ते मागणं परत घ्या ना."

"परत? नारळ फुटला, प्रसाद वाटला, खोबरं तू स्वतः खाल्लंस! आता उलटं गाऱ्हाणं घालायला लागेल. आणि तुझं तूच घालायचंस. वाडीसमोर मोठ्यांदा सांगायचं, कमळाच्या जागी मला दुसरी नको."

"मनातल्या मनात सांगितलं तर?"

"देव ऐकेल रे. वाडीला कसं ऐकू जाणार?"

आता पोळी मुंबईला जाते. डब्यावर कमळाचंच नाव आहे. हौसा सकाळी येते, सहाला घरी जाते. वाडी बाळाभाऊंच्या लग्नाची वाट बघते आहे. त्यांनी नारळ आणून ठेवलाय. सुकला म्हणून एकदा बदललाही. ते देवळात जातात, तोंड उघडतात, "कमळा" एवढं म्हणतात आणि परत येतात.

उलटं गाऱ्हाणं घालायचं अजून राहिलंय.