दादूच्या भिंतीला पांढरा हात

एका रविवारात गल्लीचा चेहरामोहरा बदलून दाखवतो, असं मी ठरवलं होतं! एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या माणसाला एक भिंत काय जड?

किहीमच्या आमच्या गल्लीत सहा घरं. पाचांना कुलपं, माणसं मुंबईला. उरलो मी, चांगदेव म्हात्रे. शेजारच्या दादूच्या भिंतीवर आधी कुणी बदाम काढला, मग कुणी संडासाची टाकी उपसणाऱ्याचा नंबर लिहिला. आणि गणपतीनंतर एका महाभागानं लाल रंगात, हातभर अक्षरांत लिहिलं, 'भुताचं घर'. झालं! दूधवाला जीवन कोपऱ्यावरच्या खांबाला पिशवी अडकवून पळायला लागला.

"अरे, दारात ये की!"

"न्हाय काका! तिकडं भूत हाय!"

दिवसभरात माझ्याशी बोलणारा तो एकटाच. तोही गेला. म्हणून मी पांढऱ्या रंगाची बादली आणली.

शिडीवर चढून पहिला हात मारला. लाल अक्षरं गुलाबी होऊन वर आली, आणखी ठसठशीत! दुसरा हात मारताना शिडी सरकली. मी खाली, बादली माझ्यावर! नखशिखांत पांढरा, खोबऱ्याच्या वडीसारखा! आधीच अधू असलेला गुडघाही गेला कामातून.

तेवढ्यात गल्लीत पावलं वाजली. दिवेलागणीची वेळ. एक तरुण जोडपं मोबाइल उगारून भुताच्या घराचा व्हिडिओ काढत होतं. किती महिन्यांनी माणसं! मी दोन्ही हात पसरून लंगडत पुढे झालो.

"या, या! चहा घेणार?"

"प्रणय, पळ!" पोरगी किंचाळली.

"अहो, थांबा! बिनसाखरेचा करतो!" मी मागे.

दोघं थेट समुद्रापर्यंत थांबली नाहीत!

व्हिडिओ गावोगाव फिरला. दुसऱ्या दिवशी फोन वाजला. दादू! चार वर्षांनी!

"चांगदेव, माझ्या घरात खरंच भूत निघालं रे! आणि चालतंय अगदी तुझ्यासारखं!"

"मीच तो, दादू."

तो इतका हसला, इतका हसला, की मलाही हसू फुटलं. रिकाम्या घरात माझाच आवाज ऐकून मी दचकलो. मग हळूच विचारलं, "येतोस का चार दिवस?"

"थांब, हिला विचारतो." पलीकडे बराच वेळ कुजबुज. "येऊ रे! पण ही ऐकत नाही. म्हणते, आधी त्या भुताला तिथून घालवा."

आता तुम्हीच सांगा, मी जाऊ कुठे?