साडूभाऊंचा बोल्ट

माझे साडू दत्ताराम दुसऱ्यांच्या गाड्यांच्या सायलेन्सरला रुमाल लावून तो हुंगत असत. हे मी आजवर सगळ्यांना हसत हसत सांगत आलो. त्यापुढचं मात्र बरीच वर्षं टाळलं. आता वय झालं, पेणहून रोह्याला जाणं-येणंही कमी झालं. तेव्हा सांगून टाकतो.

हुंगत म्हणजे अत्तर हुंगावं तसं. लग्नाला गेले की मांडवात शिरण्याआधी गाड्या लावलेल्या जागी त्यांची एक फेरी व्हायची. धुतलेला पांढरा रुमाल धुराच्या नळीवर धरायचा, त्यावर उमटलेला काळा गोल उन्हात निरखायचा आणि डोळे मिटून नाकाशी न्यायचा. मग गाडीमालकाला पंगतीत गाठून, तो वरणभात कालवत असताना, त्याच्या ताटाशी उभं राहून सांगायचं, "दम कोंडलाय तिचा."

धाटावला एका केमिकल कंपनीत त्यांनी शिफ्टमध्ये काम केलं. काम व्हॉल्व्ह बघायचं. त्यामुळे जगातली प्रत्येक अडचण शेवटी कुठल्यातरी व्हॉल्व्हपाशीच येऊन थांबते, असं त्यांचं ठाम मत. तलाठ्याकडे काम रखडलं तरी व्हॉल्व्ह अडकला, जावयाचं पोट बिघडलं तरी व्हॉल्व्ह अडकला. चुकायचेही भरपूर. माझ्या शेजाऱ्याची बंद पडलेली गाडी त्यांनी सकाळभर खोलली. दुपारी कळलं की टाकीत डिझेलच नाही. यावर साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "पण व्हॉल्व्ह साफ झाला का नाय?"

पेणला माझा गणपतीचा कारखाना. मूर्ती पोचवायला एक जुनी डिझेल गाडी होती. ती चढाला ओढेना, मागे काळा धूर सोडू लागली, तेव्हा साडूभाऊ रोह्याहून मालूताईंचा कुंकवाचा आरसा खिशात घालून आले. मालूताई म्हणजे त्यांची बायको, माझ्या शैलाची थोरली बहीण. इंजिनाचा थोडा धूर परत इंजिनातच सोडणारा एक व्हॉल्व्ह असतो, तो काजळीने चोंदतो. डोळ्याला दिसू नये आणि हाताला लागू नये अशाच बेताने तो बसवलेला असतो. साडूभाऊंनी बॉनेटखाली डोकं घातलं, आरसा इंजिनामागे सरकवला आणि दाढी करताना करावी तशी मान वाकडी करून तो हुडकला. "हा बघ, लपून बसलाय."

घासून भागेना, म्हणून नवा आणून बसवला. काढलेले बोल्ट त्यांनी स्टीलच्या ताटात ओळीने मांडले होते, जो ज्या भोकातला, तो त्याच भोकात परत गेला. प्रत्येक बोल्ट आवळून झाला की त्यावर पान्याची हलकी टिचकी मारायची, कान लावायचा आणि स्वतःशी "बसला" म्हणायचं. मगच पुढचा. गाडी पुन्हा चढ चढू लागली.

मग गणपतीचा हंगाम आला. अंगणात मूर्तींवर रंगाचा फवारा मारतो तेव्हा गाडी तिथेच उभी असते. रंग आत जाऊ नये म्हणून मी हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडात गुलाबी फडका कोंबून ठेवायचो आणि गाडी बाहेर काढताना आठवणीने काढायचो.

त्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी साडूभाऊ त्यांचा गणपती न्यायला आले. बरोबर आमचा मेव्हणा बाळू. मी म्हटलं, गाडीनेच सोडतो. त्यांच्या घरचा नेम असा, की कारखान्यातून उचललेली मूर्ती घरच्या पाटाशिवाय कुठे टेकवायची नाही. साडूभाऊ पुढच्या सीटवर मांडीवर गणपती घेऊन बसले. मूर्तीच्या तोंडावर रुमाल, अर्थात नवा कोरा.

नागोठण्याच्या पुढे चढ लागला आणि गाडी घरघरली, काळा धूर ओकून बंद पडली. साडूभाऊंना उठता येईना. बसल्या जागेवरून म्हणाले, "वसंता, आधी हवा बघ. दम कोंडलाय तिचा."

मी बॉनेट उघडलं. नळीच्या तोंडातून गुलाबी टोक डोकावत होतं. फडका हळूहळू आत ओढला गेला असणार. मी तो उपसला आणि खिशात कोंबला. तेवढ्यात बाळू उतरून आला. लग्न झाल्यापासून मला विसरभोळा म्हणून चिडवणारा हा माणूस. माझ्या तोंडून निघून गेलं, "व्हॉल्व्हचा बोल्ट सैल राहिला होता. आवळला."

गाडी लगेच सुरू झाली. साडूभाऊंनी विचारलं, "कुठला बोल्ट?"

"खालचा."

रोहा येईपर्यंत ते गणपतीच्या रुमालाकडे बघत राहिले.

विसर्जनाच्या आत बाळूने ही बातमी अख्ख्या सासरवाडीत पोचवली. कुणाच्या लेंग्याची नाडी सुटली तरी "दत्तूभाऊंनी बांधली होती काय?" साडूभाऊही हसायचे. पण लग्नात ते सरळ मांडवात येऊन बसू लागले. मालूताईंचा आरसा कायमचा कपाटावर परतला. घरातला गॅस, नळ, कडी सगळं दोनदा बघू लागले.

मध्यंतरी त्यांच्याकडे गेलो होतो. मालूताईंना जुना दमा. त्या खाटेवर बसलेल्या आणि साडूभाऊ त्यांच्या पाठीला कान लावून उभे. मान तशीच वाकडी, बोल्ट ऐकताना असायची तशी. तेव्हा उमगलं, की दम कोंडल्याचं ते कुठे शिकले. मालूताई म्हणाल्या, रात्री यांनी कान लावून "मोकळं हाय" म्हटल्याशिवाय मला झोप येत नाही. साडूभाऊ मान उचलून म्हणाले, "आता तूच सांग गो. माझ्या कानाचा भरवसा नाय राहिला."

मी चहाचा कप खाली ठेवला. मी म्हटलं, "साडूभाऊ, माझी गाडी जरा बघता? चढाला ओढत नाही." गाडी ठणठणीत होती.

ते नको नको म्हणत उठले. मालूताईंनीच कपाटावरून आरसा काढून दिला. ते बराच वेळ बॉनेटखाली होते. मग रुमाल हुंगला, इंजिन ऐकलं आणि जरा रागानेच म्हणाले, "काय नाय झालंय तिला. मोकळी हाय. तुला काय कळतं?"

इतक्या वर्षांत एवढा छान अपमान माझा कुणी केला नव्हता. हीच वेळ होती. मी खिशातून तो गुलाबी फडका काढला. सगळं सांगायचं म्हणून मी तो बरोबरच नेला होता. त्यांना वाटलं, हात पुसायलाच दिला. त्यांनी बोटांची काजळी नीट पुसली, फडक्याची घडी घातली आणि परत माझ्या हातात ठेवली.

"मऊ हाय. जपून ठेव."

मी "बरं" म्हणालो. त्याऐवजी म्हणायचं होतं ते असं: साडूभाऊ, खालचा बोल्ट घट्ट होता. सगळेच घट्ट होते. मला माफ करा.