डाव्या हाताचा अंगठा

माणूस भेटला की आपण तोंडाकडं बघतो. मोखाड्याचे तात्या बोटं मोजत. मी शाळेत नवा मास्तर म्हणून आलो, दोन्ही हात जोडून नमस्कार केला, तर म्हणाले, "दहा. ठीक. बसा."

जव्हार संस्थान होतं तोवर तात्या तिथल्या दप्तरात कारकून होते. मोडी अक्षर मोत्यासारखं. संस्थान विलीन झालं, मागोमाग सरकारी कामातून मोडीही गेली आणि तात्या घरी बसले. घरात तरी कोण होतं! बायको केव्हाच वारली होती. मग ते कचेरीबाहेर अर्ज लिहायला बसू लागले. कुठूनसं मजुरांच्या नुकसानभरपाईच्या कायद्याचं पुस्तक हाती लागलं, ते त्यांनी पोथीसारखं पाठ केलं. अंगठ्याला काय, करंगळीला काय, सगळं तोंडपाठ. सुपारी कातरताना कुणाचं बोट कापलं तरी विचारत, "कामावर की घरी?"

खोडाळ्याकडचा लहानू जंगलातल्या कुपात, म्हणजे ठेक्यानं दिलेल्या तोडीच्या पट्ट्यात, सागाचे ओंडके ट्रकवर चढवत होता. ओंडका घसरला नि डावा अंगठा मुळापासून गेला. ठेकेदारानं कानांवर हात ठेवले. म्हणे, "हा माझा मजूरच नव्हे."

तात्या चालत कुपावर गेले. मीही मागोमाग. मुकादमाला त्यांनी लोण्यासारख्या आवाजात विचारलं, "काय हो, लहानू कामाला कसा होता?"

"कसला कामाला! महिन्यात चार खाडे!"

"खाडे मांडलेत ना? मग हजेरीचं बुक काढा."

मुकादमानं बुक काढलं, लहानूचं नाव दाखवलं आणि मग जीभ चावली. मी तर थक्क झालो. पाच मिनिटांत तात्यांनी ठेकेदाराच्याच माणसाकडून लहानूला मजूर ठरवून घेतलं होतं.

तात्यांनी अर्ज ठोकला; मंजुरी यायला वर्ष गेलं. भरपाई घ्यायला आम्ही कचेरीत गेलो. तिथल्या तरुण कारकुनानं पावती पुढं सरकवली. "डाव्या हाताचा अंगठा उठव."

लहानूनं थोटका हात वर केला.

"उजव्याचा घ्या," मी म्हणालो.

"छापील कागदावर डावा आहे. नाहीतर सही करू दे."

तात्या कडाडले, "अंगठ्याची भरपाई न्यायला अंगठा घेऊन ये म्हणता? सही करेल तो! महिन्याभरात करेल!"

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. मी डोकावून पाहिलं आणि हादरलो. तात्या त्याला मोडी शिकवत होते! म्हातारा इतका खुशीत होता की तोंडावर बोलवेना. पण लहानूचे पैसे बुडाले तर? त्यात त्याला गहाण पडलेला भातशेतीचा तुकडा सोडवायचा होता. मी त्याला गुपचूप शाळेत बोलावून बाळबोध, म्हणजे आपली नेहमीची देवनागरी, गिरवून घेतलं. लहानू दोन्हीकडं येई, मान खाली घालून गिरवी, आणि एकाचं दुसऱ्याला सांगत नसे.

महिन्यानं पुन्हा कचेरी. लहानूनं टाक उचलला, एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा तात्यांकडं. मग आधी वरची लांबलचक आडवी रेघ ओढली आणि मी कपाळाला हात लावला. मोडीच! रेघेखाली एकेक अक्षर लटकत गेलं. सगळी कचेरी उठून बघत होती.

"हे काय कोंबडीचे पाय?" कारकून म्हणाला.

"सही आहे," तात्या म्हणाले. "सही कुठल्या लिपीत करावी, ते कलम दाखवा."

आवाज नेहमीचाच करडा. कारकुनानं पुस्तकं चाळली, आत जाऊन साहेबाला विचारून आला आणि मुकाट्यानं पैसे दिले.

बाहेर आल्यावर तात्या म्हणाले, "मास्तर, चुकलो मी. माझ्या हौसेपायी याचं वाटोळं झालं असतं." आणि चष्मा पुसत झपाझप निघून गेले.

मी लहानूवर चिडलो. "अरे, बाळबोध येत होतं ना तुला? ती सही चालली नसती तर?"

"नाय चालली असती तं तुमची केली असती, गुरजी." त्यानं पैसे धोतराच्या सोग्यात बांधले. "पन पयली तात्याची. तुमचा तं सारी दुनिया लिवते. तात्याचा कोन लिवते आता?"