नावातला ब्रेक

विषय : लाटंबार्से येथील सौ. विनोदिनी यांची बोलण्यावर चालणारी खुर्ची, आणि त्यासंबंधी खाली सही करणाऱ्याचा (म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा) अर्ज.

उपरोक्त विषयाबाबत कळविण्यात येते की, संधिवाताने विनोदिनीचे गुडघे आणि बोटे एकदमच संपावर गेली, तेव्हापासून तिची चाकांची खुर्ची मी ढकलतो. वाटेत ओळखीचा माणूस भेटला की मी गप्पांना उभा राहतो आणि तिला कुणाच्या तरी कुंपणाकडे तोंड करून ठेवतो, अशी तिची तक्रार होती. (तक्रार खरी होती, म्हणूनच मी ती दाखल करून घेतली नाही.) शेजारच्या सुशीलावहिनींकडे एकदा तरी आपले आपण जावे, एवढेच तिचे मागणे होते.

फोंड्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली गौरवी आणि गौरेश ही मुले अशा माणसांसाठी उपकरणे बनवतात. त्यांनी खुर्चीला मोटर बसवली, पडवीपुढे उतार बांधून घेतला आणि विचारले, "काकी, खुर्चीक कसले शब्द शिकवूंया?"

मी सुचवले, "'प्रस्थान' आणि 'विराम'."

"खुर्ची ती, नाटक न्हय!" विनोदिनी म्हणाली. "म्हाका 'चल' आनी 'राव' पुरो."

('राव' म्हणजे आमच्याकडे 'थांब'.)

"फकत काकीचो आवाज घेवंया, काय सगळ्यांचो?" गौरवीने विचारले.

एकाच माणसाच्या सहीवाचून काम अडले की काय होते, हे मी नोकरीभर पाहिले आहे. "सगळ्यांचा," मी म्हणालो. निर्णय एवढाच.

मुले आत चहाला बसली. विनोदिनी पडवीत, खुर्चीत; मी उताराच्या पायथ्याशी. सुशीलावहिनी कौतुक करायला आल्या, मनसोक्त बोलल्या आणि निघताना म्हणाल्या, "चल गो विनू, येतां हां!"

खुर्ची निघाली.

आमचा उतार थेट रस्त्याला मिळतो आणि रस्त्यावरून चिऱ्यांचे ट्रक जातात. एक येतही होता. खुर्चीच्या पाठीला ती थांबवायचे लाल बटण होते. मी मात्र पुढून, हात पसरून, उलटा चालत होतो. घाबरलो की माझी बोली पळून जाते आणि फक्त कार्यालयीन मराठी मागे उरते.

"थांब! थांबावे! तात्काळ थांबविण्यात यावे!"

खुर्चीने दखल घेतली नाही. विनोदिनीने डोळे मिटून "सातेरी माते, सातेरी माते" असा धावा सुरू केला होता. (सातेरीही खुर्चीला कुणी शिकवली नव्हती.) 'राव' हा शब्द दोघांपैकी एकालाही आठवेना.

एवढ्यात रस्त्याकडेने गोकुळदास आला, हातात उंड्यांची, म्हणजे पावांची, पिशवी. माझा जुना कचेरीतला सोबती. मला उलटा धावताना पाहून त्याने हाक मारली, "किदें जालें हो, सगुणराव?"

खुर्ची जागच्या जागी थांबली. तिच्या पुढून, म्हणजे माझ्या पाठीमागून, ट्रक धूळ उडवत निघून गेला.

गौरवी धावत आली, सगळे ऐकले आणि म्हणाली, "काका, तुमच्या नांवांतच ब्रेक आसा!"

ते 'राव' कचेरीत मीच माझ्या नावाला चिकटवून घेतले होते. घरी कुणी वापरत नसे. विनोदिनीने एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि खुर्ची हलेपर्यंत हसली. "आयज तुमचो राव एकदांचो कामाक आयलो!"

त्याच संध्याकाळी मुलांनी दुरुस्ती केली. "आतां ही खुर्ची फकत काकीचें आयकतली," गौरेश म्हणाला. हा नियम आमच्या घरात पूर्वीपासून आहे. खुर्चीला तो आता लागू झाला.

दुसऱ्या दिवशी विनोदिनी एकटी सुशीलावहिनींकडे गेली. मी फाटकाशी श्वास रोखून उभा. तिने मागे वळूनही पाहिले नाही. पलीकडच्या पडवीतून दोघींच्या हसण्याचा आवाज आला, तेव्हा मी श्वास सोडला.

आज ती पुन्हा निघाली, तेव्हा मी रीतसर अर्ज केला, की अडीअडचणीसाठी माझाही आवाज खुर्चीत घालण्यात यावा. तिने तो शांतपणे ऐकला आणि शेरा दिला, "राव."

खुर्ची थांबली. मीही थांबलो.

मग ती "चल" म्हणाली, ते फक्त खुर्चीला. सदर अर्ज प्रलंबित आहे.