हवालदारांचा गरुड

काडेपेटीवर घोड्याचं चित्र असलं, तर आत्माराम हवालदार आधी टाचा जुळवून त्याला सलाम ठोकत आणि मगच काडी ओढत. तोवर तोंडातली विडी ओली होऊन जाई. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "मास्तर, हा साधा घोडा नाही. समुद्रमंथनातला उच्चैःश्रवा हाय. आधी फौजेनं उचलला, मंग पेटीवाल्यानं."

नांदुऱ्यात त्यांचं घर माझ्या घराला लागून. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्सला जाऊन आले होते. तिथे ते खेचरं हाकत. हवालदारकी त्यांना गावानं बहाल केली. पण त्या खेचरांमागे चालता चालता त्यांनी असं काही ज्ञान गोळा केलं होतं, की ऐकणाऱ्याचं डोकं चक्रावून जाई. त्यांचं म्हणणं एकच: जगातल्या सगळ्या फौजा मुळात एका घरच्या, आणि भांडून वेगळ्या निघाल्या तेव्हा त्यांनी देव वाटून घेतले. कुठल्याही पलटणीचं निशाण सांगा, हवालदार त्याचं गोत्र सांगत. वीज असली तर इंद्राचं वज्र. जोडीनं दोन घोडेस्वार असले तर अश्विनीकुमार. इंग्रजांच्या सिंहावर मात्र त्यांचा राग होता. "सिंह नेला, मंग देवी कुठी ठेवली यायनं?" हा प्रश्न ते मला विचारत, जणू मीच ती लपवली होती.

मी शाळेत इतिहास शिकवणारा. हे सगळं थोतांड म्हणून सोडून द्यावं, तर युरोपातल्या जुन्या लोकांचाही एक विजेचा देव होता आणि त्यांची-आपली भाषा फार पूर्वी एक होती, असं मीच कुठंतरी वाचलेलं. खरं मानावं, तर हेच हवालदार खेचराला उच्चैःश्रव्याचा नातू म्हणत. त्यांच्याशी बोलून परतलो, की आपल्याला काय येतं आणि काय येत नाही, हेच मला कळेनासं होई. माझा चेहरा पाहून बायको म्हणे, "आज पुन्हा शेजारी बसून आलात वाटतं."

त्यांच्या देव्हाऱ्यात पंख पसरलेला एक पितळी पक्षी होता. डोक्यावर मुकुट, पायात काठीसारखं काहीतरी. तो गरुड. दसरा आला की रहीमचाचा कलईवाले तो चिंचेनं घासून लख्ख करून देत. मी एकदा म्हटलं, "हवालदार, गरुडाजवळ अमृताचा कुंभ हवा."

"लढाईत सांडला," ते शांतपणे म्हणाले.

दुसऱ्या लढाईतल्या एका दसऱ्याची गोष्ट. हवालदारांचा एकुलता एक किसन तेव्हा फौजेत होता, आफ्रिकेत. बरेच महिने त्याची काहीच खबर नव्हती आणि हवालदार त्याच्याबद्दल चकार शब्द काढत नसत. त्या संध्याकाळी गावात नवे आलेले फौजदार सोनं वाटत घरोघर हिंडत होते. हवालदारांकडे आले तेव्हा मीही तिथेच होतो. पूजेला कुऱ्हाड, खेचराचे नाल आणि मधोमध गरुड मांडलेला. फौजदारांनी रीतीप्रमाणे शस्त्रांना हळदकुंकू वाहिलं, गरुडालाही वाहिलं, हात जोडले, आणि तसेच थबकले.

"हवालदार, हा तर जर्मनांच्या टोपीवरचा पक्षी."

"हाव साहेब. गरुडच हाय तो."

फौजदार पेचात पडले. जप्त करावा, तर त्यावरचं कुंकू त्यांच्याच हातचं. सोडावा, तर शत्रूचं निशाण. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, तुम्ही शिकलेले. हा देव आहे की जर्मन?"

"दोन्ही असावा," मी म्हणालो. माझं उत्तर मलाच समजलं नाही.

"कचेरीत न्यावा लागेल," म्हणत फौजदारांनी हात पुढे केला. हवालदारांनी चटकन गरुडावर तळवा ठेवला.

"साहेब, मले न्या. त्याले राहू द्या." तळवा तसाच ठेवून ते बोलले. "एका पोराच्या टोपीवरचा हाय. पोरगा जखमी होऊन चिखलात पडला होता. खेचरावर टाकून दवाखान्यात नेत होतो, रस्त्यातच गेला. त्याची बोली मले समजे ना. कोनता देव मानते, हे कसं इचारू? टोपीवर गरुड दिसला, म्हटलं, हा तं आपल्याच घरचा. त्याच्या मायबापाले ठाऊक नसन तो कुठी पडला. मंग दिवा कोन लावन?"

इतकी वर्षं मी ज्याला विक्षिप्तपणा म्हणत आलो, तो सगळा त्या एका पोरासाठी रचलेला होता. मला फार वाईट वाटलं.

फौजदारांचा हात तसाच पुढे राहिला होता. तो कुठे न्यावा हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी त्या हातानं समईची वात पुढे सारली, आपट्याची पानं गरुडापुढे ठेवली आणि निघून गेले.

हवालदारांनी समईत तेल घातलं.

"आपल्या किसनच्या टोपीवरही बिल्ला हाय, मास्तर," ते म्हणाले. "तो तिकडं पडला असन, अन् कोन्या म्हाताऱ्याच्या हाती लागला असन, तं त्यानंही आपला देव समजून ठेवला असन ना?"

मी इतिहासाचा मास्तर. माझ्याजवळ पुरावा काहीच नव्हता.

"हाव," मी म्हटलं, "ठेवला असन."